घड्याळजींचे पाय टेकले त्याची गोष्ट

"रविवारी बाराच्या ठोक्याला मी तुझ्या दारात उभा! तोही स्वतः गाडी चालवत!" घड्याळजींनी फोनवर लेकीला ठणकावून सांगितलं, आणि मंडळी, तिथेच सगळ्या घोळाला किल्ली दिली गेली.

लेक डोंगरावरच्या दवाखान्यात नर्स. एकटीच असल्याने तिला जागा सोडून खाली येता येत नव्हतं. वर जायची वाट सगळी दगडधोंड्यांची, आणि घड्याळजींचे गुडघे चढ नुसता बघूनच कुरकुरायचे. आठ महिने बापलेकीची भेट नव्हती. शेवटी त्यांनी ठरवलं, रानवाटेवर धावते तसली मोटरसायकल घ्यायची. जुनी, हलकी, शिकाऊ माणसाला झेपेल अशी.

"अहो, या वयात?" काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने विचारलं.

"वय गाडीचं बघायचं. माझं नाही!"

गॅरेजवाल्याकडे तशी एक होती. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं ते तीन तास काढलंच नाही. इंजिनाला हात लावून म्हणाले, "कोमट आहे! मी यायच्या आधीच सुरू करून ठेवलीत. गार होईपर्यंत बसतो मी." गार झाल्यावर सुरू करायला लावली आणि डॉक्टरसारखा कान लावला. साखळीच्या चक्राचे दाते मोजले. एका स्क्रूची खाच झिजलेली दिसली तर असे हळहळले, जणू घरातलंच कुणी आजारी!

"काका, एकदा वर बसून तरी बघा!" गॅरेजवाला रडकुंडीला आला.

"तीस वर्षं घड्याळं पारखतोय. कुठल्या घड्याळावर बसलो होतो मी?"

देव माणसाला भिंग देतो, पण दिसायचं तेवढंच राहून जातं बघा!

गाडी घेतल्यावर कळलं, हिला साध्या रस्त्यावर चालवायची परवानगीच नाही. म्हणजे पायथ्यापर्यंतचे चार किलोमीटर ढकलायची! रविवारी मागून घड्याळजी ढकलतायत आणि वर बसून काकू हँडल सांभाळतायत, अशी स्वारी निघाली.

पायथ्याशी घड्याळजी ऐटीत गाडीवर चढले. आणि लोंबकळले! दोन्ही पाय हवेत, लंबकासारखे. गाडी डावीकडे कलली, काकूंनी धरली. उजवीकडे कलली, पुन्हा काकूंनी धरली.

"उतरा आता."

काकू त्यांच्याहून चांगल्या वीतभर उंच. त्यात लग्नाआधी वडिलांच्या धंद्यात मोटरसायकलवरून दुधाचे कॅन पोचवलेले. त्यांनी पदर खोचला, बटण दाबलं आणि भुर्रकन निघून गेल्या! मागे बसायला गाडीला सीटच नव्हती.

बाराच्या ठोक्याला फोन आला. "बाबा, आई पोचली! काय गाडी चालवते हो! तुम्ही कुठं आहात?"

"मी? मी... खाली लक्ष ठेवतोय."

"कशावर?"

घड्याळजींनी फोन ठेवला.

दुसरा कुणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. घड्याळजी सोमवारी सकाळी बूट घेऊन बूट शिवणाऱ्याच्या पुढ्यात हजर! "तीन बोटं जाडीचे सोल लाव."

"इतके जाड? कशाला?"

"लेकीला भेटायचंय."

त्याने लगेच चामडं कापायला घेतलं.

पुढच्या रविवारी पाय टेकले! घड्याळजी सात वेळा पडले. सातही वेळा आधी मनगटावरचं घड्याळ पुसलं, मग स्वतःला. पण पोचले! चिखलाने माखलेल्या बापाला बघून लेक धावत आली आणि गळ्यातच पडली.

"बाबा! अहो, दोन वाजले!"

"तुझं घड्याळ पुढे आहे, बाळ," घड्याळजी नाक ओढत म्हणाले.

"बरं. आणि असे वाकडे का उभे आहात?"

त्यांनी खाली पाहिलं. डाव्या बुटाचा सोल वाटेतच कुठेतरी गळाला होता. परत जायचं तर उजवा पाय टेकणार, डावा लोंबणार!

लेकीने हसत फोन लावला. "आई, गाडी न्यायला तुलाच वर यावं लागेल. सावकाश ये, घाई नाही. बाबा राहतील."

काकू चौथ्या दिवशी धापा टाकत चढून आल्या. तोवर घड्याळजींची दवाखान्यातली दोन्ही घड्याळं खोलून, पुसून, लावून झाली होती. तिसरं नव्हतं, म्हणून रक्तदाब मोजायचं यंत्र उघडून बसले होते. पुन्हा जोडताना त्यातला एक स्क्रू उरत होता.

लेक दारातच हात जोडून उभी होती.

"आई, गाडीचं नंतर बघू. आधी बाबांना ने!"