दामूला रिव्हर्स येत नाही

दामू ट्रक घेऊन एकटा कन्याकुमारीला जातो, एकटा गुवाहाटीला जातो. घाटात धुकं असो नाहीतर रस्त्यावर गुडघाभर पाणी, कुणाला काही विचारत नाही. पण आमच्या कामणच्या गोदामात गाडी मागं लावायची वेळ आली की फाटकाबाहेर इंजिन बंद करतो आणि मला फोन लावतो.

"आप्पा, आलोय. या."

एवढंच. मी चपला घालून निघतो. गोदाम माझ्या घराच्या पलीकडेच आहे. पूर्वी तिथं भात यायचा, आता खोके येतात. मी गाडीच्या मागं उभा राहतो, मागच्या फळीवर, म्हणजे फाळक्यावर, हात मारतो आणि ओरडतो, "येऊ दे... येऊ दे... बस!" गाडी माल उतरवायच्या धक्क्याला लागते. दामू खाली उतरतो, गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसतो आणि जमलेल्या हमालांना सांगतो, "पुढचं मी बघतो, मागचं आप्पा बघतो."

हे वाक्य तो लग्नात बोलतो, मयतात बोलतो, बँकेतही बोलतो. बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, इथं सही करा." हा म्हणाला, "पुढच्या पानावर करतो, मागचं आप्पा बघंल." मी त्या दिवशी बँकेत नव्हतोच.

आता क्लीनरविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे, कारण लोकांना वाटतं क्लीनर म्हणजे काच पुसणारा. मी जन्मभर क्लीनर होतो. त्या काळी मोठ्या गाडीच्या लायसनला आठवी पास लागायचं आणि मी दुसरीत मास्तरांशी वाद घालून शाळा सोडली होती. कुणी म्हणालं, दाखला करून मिळतो. मी म्हटलं, खोट्या कागदावर खरी गाडी चालवायची नाही. तेव्हा क्लीनरच राहिलो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. गाडी पुढं कुणीही नेतो. मागं घ्यायला माणूस लागतो.

दामू माझ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून आला तेव्हा त्याला मिशीही नीट फुटली नव्हती. पुढं आम्ही दोघांनी निम्मा देश पालथा घातला. तो चालवायचा, मी डावीकडे बसून झोप येऊ नये म्हणून त्याच्याशी भांडायचो. मग फोनमध्ये नकाशे आले, टोल आपोआप कापला जायला लागला. मालक म्हणाला, आता क्लीनर परवडत नाही. मी पिशवी उचलली आणि घरी आलो. मागं वळून पाहिलं नाही. मागचं बघायचं काम सुटलं होतं.

दामूला मात्र सवय सुटली नाही. त्याला डावं-उजवं कळत नाही. त्याच्या जगात दोनच बाजू आहेत: ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. नालासोपाऱ्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यानं फोटोवाल्याला सांगितलं, "नवरीला जरा क्लीनर साइडला घ्या." फोटोवाला हातातला कॅमेरा खाली घेऊन हॉलमध्ये क्लीनर कोण ते शोधायला लागला. मी उभा राहिलो. माझाही एक फोटो निघाला.

डॉक्टरनं विचारलं, कुठं दुखतं? म्हणाला, "क्लीनर साइडला, मागच्या चाकाच्या वर." डॉक्टरनं कंबरेचं औषध दिलं आणि ते लागू पडलं.

त्याचं घर आचोळ्याला, तिसऱ्या मजल्यावर. महिन्यातून चार-पाच दिवस तो तिथं असतो, आणि त्या चार-पाच दिवसांत बिल्डिंगला कळतं की तो आलाय. न्हाणीघरात त्याला आंघोळ होत नाही. "चार भिंतीत पानी अंगाला लागत नाय," म्हणतो. पंचा गुंडाळून खाली पंपाच्या नळावर बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "काय, ऑफिसला का?" असं विचारतो. सोसायटीनं नोटीस लावली. ती त्यानं वाळत घातलेल्या पंच्याखाली झाकली गेली.

सुलभावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, वेगळीच तक्रार सांगितली. "झोपेत क्लच दाबतात हो भाऊजी. माझ्या पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्यात."

दामू म्हणाला, "चढ असल आप्पा. सपाटीला मी कशाला दाबू?"

आणि एक. "कधी पोचणार?" असं त्याला कुणी विचारायचं नाही. विचारलं की तो गाडी बाजूला लावतो, बंपरला टांगलेलं लिंबू बदलतो आणि अर्धा तास उशिरा निघतो. गाडीच्या तोंडावर पोचण्याची भाषा केली तर गाडीला गर्व होतो, असं त्याचं मत. वहिनींनी स्वयंपाक कसा करायचा? त्या इतकी वर्षं अंदाजानं करतात. अंदाज चुकला की ताट शेजारी जातं. शेजारचा मुलगा चांगला बाळसेदार झालाय.

मध्यंतरी मालकानं नवी गाडी दिली. तिला मागं कॅमेरा, पुढं छोटा टीव्ही. रिव्हर्स टाकला की मागचं सगळं टीव्हीत दिसतं. दामूनं काय केलं? पहिल्याच दिवशी टीव्हीवर रुमाल टाकला आणि रुमालावर गणपती बसवला. मी विचारलं, "हे काय?" म्हणाला, "त्यात सगळं उलटं दिसतं आप्पा. डोकं फिरतं. तुम्ही या."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? आणि त्याची काळजीही वाटली. मी किती दिवस पुरणार? माझ्यामागं याला धक्क्याला कोण लावणार? ज्याला रिव्हर्स येत नाही त्याला कुठला मालक कामावर ठेवील?

तशी त्याची कुवत मी जवळून पाहिली आहे. मी मागं उभा असूनही त्यानं दोनदा मागचा दिवा फोडला. मी वेळेवर "बस" म्हटलं होतं. तो खाली उतरला, काचा गोळा केल्या, म्हणाला, "माझाच पाय उशिरा पडला, आप्पा." स्वतःची चूक कबूल करणारा ड्रायव्हर मी दुसरा पाहिला नाही.

याच सुमाराला माझ्या सुनेनं, वैशालीनं, डोळ्यांचं टुमणं लावलं होतं. "बाबा, मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाले पडदा आलाय." मी म्हटलं, पडदा खिडकीला असतो. ती म्हणाली, "काल तुम्ही खांबाला रामराम घातलात." मी म्हटलं, खांबाला वाईट वाटलं का?

मग गोदामात नवा सुपरवायझर आला. गळ्यात पट्टा, हातात वॉकीटॉकी. त्यानं मला फाटकातच अडवलं. "चाचा, बाहर का आदमी अंदर नहीं जाएगा. कुछ हो गया तो?"

अशा माणसांशी मी बोलत नसतो. घरी जायला वळलो.

दामूनं हे केबिनमधून पाहिलं. गाडी फाटकात आडवी होती. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली, खाली उतरून स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला.

सुपरवायझर म्हणाला, "गाडी लगाओ!"

"नाय जमत साहेब. मला रिव्हर्स येत नाय."

"ट्रक चलाता है और रिवर्स नहीं आता?"

"पुढचं येतं," दामू म्हणाला. "मागचं आप्पा बघतो. साखर घेता का?"

मागं गाड्या लागल्या. रांग वसई-भिवंडी रस्त्यापर्यंत गेली. हॉर्न वाजायला लागले. गोदामाचा मोठा साहेब वरून उतरला, फोनवर मालक आला, मालकानं शिव्या दिल्या. दामूनं त्या सगळ्या "हां शेठ, हां शेठ" म्हणत ऐकून घेतल्या आणि चहा गाळला. शेवटी सुपरवायझर आत गेला आणि एक भगवं चमकणारं जाकीट आणून माझ्या अंगावर चढवलं. तेव्हापासून मी आतला माणूस. जाकीट घरी खुंटीला आहे. वैशालीला धुवायला देत नाही, चमक जाते.

त्या दिवशी रांगेत दामूच्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता. तो मला म्हणाला, "आप्पा, हा ढाब्यावर अजूनही दोन चहा सांगतो. एक पुढ्यात ठेवतो, एक क्लीनर साइडला."

"मग?"

"मग दोन्ही पितो."

मी म्हटलं, वाया घालवायचं त्याला मी शिकवलंच नाही.

या होळीनंतर भाचीच्या मुलीचा साखरपुडा होता, म्हणून एसटीनं भिवंडीला निघालो होतो. गोदामांच्या वस्तीत नेहमीसारखी कोंडी झाली आणि बस एका गल्लीच्या तोंडाशी थांबली. खिडकीबाहेर हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर एक ट्रक उभा होता. बंपरला काळा गोंडा. तो गोंडा मीच वळलेला, नव्या गाडीलाही दामूनं तोच बांधला होता. म्हटलं, अरे देवा, हा इथं अडकला! याला इथं कोण आहे?

मी उठलोच. कंडक्टरला म्हटलं, "उतरू दे, आमचा माणूस अडकलाय."

तेवढ्यात ट्रक हलला. मागं.

गल्ली अरुंद, त्यात वळण, दोन्ही अंगाला कंटेनर उभे. मागं कुणी नाही. दामूचा एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हाताच्या बोटात तंबाखूची चिमूट. एकदा या आरशात पाहिलं, एकदा त्या आरशात. टीव्हीवर गणपती होताच. गाडी, लोण्यात सुरी जावी तशी, एका दमात आत गेली आणि धक्क्याला अशी टेकली की शेजारचा प्रवासी म्हणाला, धक्क्यावर बसलेलं मांजरही उठलं नाही.

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, उतरताय ना?"

मी म्हटलं, "नाही. सुटला तो."

साखरपुड्यात काय खाल्लं ते आठवत नाही. परतीच्या वाटेवर मला ते दोन दिवे आठवत होते. ज्याची गाडी टेकली तरी मांजर जागचं उठत नाही, त्याचा पाय दोनदा उशिरा कसा पडला, हे मी कामण येईपर्यंत घोकत होतो. कामण आलं तेव्हा समजलं. उशीर त्याच्या पायाला झालाच नव्हता.

आठवड्यानं सकाळी फोन वाजला. मी खाटेवर पडून राहिलो. परत वाजला.

"बाबा, दामूकाका," वैशाली म्हणाली. "घेत नाही का?"

"वाजू दे. येतं त्याला."

"काय येतं?"

तिसऱ्यांदा वाजला. फाटकाबाहेर त्यानं इंजिन बंद केलेलं मला घरातूनही कळत होतं. तो नक्कीच किल्ली खिशात टाकून स्टोव्ह शोधत असणार. त्याला परत शिव्या बसणार. मी उठलो, खुंटीवरचं जाकीट घातलं.

"कुठं होता आप्पा?" दामू वरून ओरडला. "मी काय दिवसभर असा पुढं तोंड करून बसू?"

मी मागं गेलो. फाळक्यावर दोनदा हात मारला. "येऊ दे... येऊ दे..." धक्का मला पांढुरक्या ढगासारखा दिसत होता. आजवर तो मला तसाच दिसत होता आणि मी बिनधास्त ओरडत होतो. आज म्हटलं, तिसरा दिवा नको.

"बस!"

गाडी थांबली. मग दामूचं डोकं खिडकीतून बाहेर आलं.

"आप्पा, अजून हातभर जागा हाय."

मी म्हटलं, "तुला कशी दिसली?"

डोकं आत गेलं. मग आतून बारीक आवाज आला, "नाय... अंदाजानं बोल्लो."

"अंदाज करत जाऊ नको. तू पुढचं बघ."

"हां आप्पा."

मी धक्क्यावर हात ठेवला, दुसरा हात फाळक्याला लावला. मधली जागा हातानं मापली. हातभरच होती. फाळक्यावर दोनदा थाप मारली आणि सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असा ओरडलो, "येऊ दे!"

गाडी टेकली. दामू खाली उतरला, पंच्यानं तोंड पुसलं आणि हमालांना ते वाक्य सांगितलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. स्टोव्ह काढला, चहा ठेवला, दोन कप काढले. एक माझ्या हातात दिला.

"आता कुठं?" मी विचारलं. कधी पोचणार ते विचारलं नाही.

"कोइमतूर."

घरी येऊन जाकीट खुंटीला लावलं आणि वैशालीला म्हटलं, "त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणत होतीस ना?"

तिनं लगेच विचारलं, "उद्या जाऊ?"

"उद्याच जाऊ," मी म्हटलं. "दामू कोइमतूरहून यायच्या आत पट्टी निघाली पाहिजे."