तरत्या दुर्गाचे पाळणे व आबाजी तांडेलांचे विमान

श्रीसमुद्रदेवता प्रसन्न. वरुणाचे पायी मस्तक ठेवून, आणि ज्या लोखंडाने आम्हांस इतकी वर्षे अन्न दिले त्यास दंडवत घालून लिहितों ऐसीजे. शके एकोणीसशे बारा, प्रमोद नाम संवत्सरी, माघ शुद्ध सप्तमीस राज्याच्या तरत्या दुर्गावर जे वर्तले ते जैसे पाहिले तैसे लिहिले आहे, ऐकीव काही नाही. आम्ही त्या समयी माचीवर वाऱ्याची टिपणे ठेवण्याचे कामी होतों.

दुर्ग ऐसा की त्यात गाव वसावा. वरती सपाट माची, तीवरून वाफेच्या गोफणीने विमाने आकाशात फेकीत, आणि सात मजले खाली, पाण्याच्याही खाली, दारूकोठार, तेथे अग्निबाण निजविलेले. बाण वर न्यावयास दोरांचे दोन पाळणे होते. एकच सरळ का केला नाही म्हणाल, तर माचीवर आग लागली असता ती एका उडीत कोठारात उतरू नये म्हणून कर्त्या पुरुषांनी वाट मध्येच तोडली होती. खालचा पाळणा मुदपाकखान्यापर्यंत येई, आणि मग बाण गाड्यावर घालून जेवणाऱ्यांच्या पंक्तीमधून ढकलीत पलीकडे वरच्या पाळण्यास नेत. तेव्हा लोक ताट उचलून पाय वर घेत, आचारी हातातली पळी थांबवीत, आणि सोलकढीचा पेला बाणाच्या गाड्यावर ठेवून "जरा धर रे" म्हणणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. हल्ली नव्या दुर्गावर लोहचुंबकाचे पाळणे आले. दोर नाही, कप्पी नाही, बाण एका श्वासात वर. चालतात तेव्हा उत्तम चालतात. परंतु ते पंक्तीमधून जात नाहीत, आणि जेवणाऱ्यास आपल्या ताटाशेजारून काय गेले हे कळत नाही. आम्हांस ते आवडत नाही. आवडावे ऐसा कोणाचा हुकूमही नाही.

दारूकोठाराचे मुख्य आबाजी कुबल, जातीचे दर्यावर्दी, सर्व त्यांस तांडेल म्हणत. बावीस वर्षे त्यांनी बाण वर पाठविले आणि विमान उडताना एकदाही पाहिले नाही. हे ऐकून नवखे लोक हसत, परंतु रीतच तैसी होती. उड्डाणाचे समयी कोठाराची लोखंडी दारे आतून बंद होत, आणि चाव्या घेऊन मुख्याने आत बसावे. दुर्ग बंदरी लागण्यापूर्वी विमाने जमिनीवर उडून जात, म्हणून तेथेही दर्शन नाही. उभी विमाने त्यांनी शेकडो पाहिली. उडते एक नाही. मग त्यांचा निवृत्तीचा दिवस जवळ आला आणि दर्यासारंगांनी, म्हणजे दुर्गाच्या स्वामींनी, त्यांस माचीवर आम्हां सर्वांसमक्ष बोलावून पुसले की, तांडेल, काय इच्छा आहे ती सांगावी. आबाजी टोपी हातात घेऊन म्हणाले, "महाराज, माका काय्येक नको. फकत एकदा इमान उडताना बघूचा हा." दर्यासारंगांची आज्ञा जाहली की, सप्तमीस सायंकाळी गस्तीचे शेवटचे विमान सुटेल, तेव्हा चाव्या दुय्यमाकडे द्याव्या आणि तांडेलांनी माचीवर यावे. दुसरे दिवशी बंदर होते. म्हणजे हे एकच विमान, पुन्हा नाही.

आबाजींनी चारही बाण स्वहस्ते तपासून वर पाठविले आणि मग शिड्या चढून, गुडघ्यांस शिव्या देत, माचीवर आले. कोणी नवी टोपी दिली, कोणी कानास बोळे दिले, आणि पांढऱ्या रेषेमागे त्यांस उभे केले. विमानास बाण लावणारे धर्माजी मालंडकर, आबाजींच्याच शेजारगावचे. प्रत्येक बाणास तांबडी फीत बांधलेली खीळ असे. ती असेतो बाण मुका. उड्डाणापूर्वी चारही खिळा उपसून फिती वैमानिकास हात उंचावून दाखवाव्या ऐसा नेम. परंतु त्या दिवशी धर्माजींचे चित्त ठिकाणी नव्हते. एक खीळ उपसावी आणि मागे वळून पाहावे, तांडेल नीट उभे आहेत ना, ऊन तोंडावर येत नाही ना, दिसते ना. पुन्हा एक उपसावी, पुन्हा वळावे. मग त्यांनी फिती उंचावल्या. वैमानिकाने मान हलविली. वाफ शिटी घालू लागली, आणि आमचेही लक्ष, खरे लिहितों, विमानाकडे नव्हते, आबाजींच्या मुखाकडे होते.

आबाजी विमानाकडे पाहत नव्हते. ते पंखाखाली पाहत होते. बावीस वर्षांची खोड, ती कोठे जाणार. त्यांचे मुख उतरले ते आम्ही पाहिले, आणि ते एक श्वासभर गप्प राहिले तेही पाहिले. लपवीत नाही, आम्ही असतों तर अधिक गप्प राहिलों असतों. मग ते रेषा ओलांडून दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबवा! तिसऱ्याची खीळ रवली हा!"

खीळ बाणातच राहिली होती. गोफण थांबली. धर्माजी आपल्या हातातल्या तीन फितींकडे पाहतच राहिले. आता खीळ उपसून विमान सोडावे तर घटकेचा तरी प्रश्न होता काय? परंतु दुर्गावर एक नियम होता की, उणे निघाल्यास माचीवर डागडुजी करू नये, चारही बाण खाली जावे, आणि ज्याने पाठविले त्यानेच ते उतरून घेऊन पुन्हा तपासावे. मागे एकदा घाईत माचीवरच हात घातला तेव्हा बाण निसटून एका शिपायाचा पाय गेला होता, आणि त्यानंतर हा नियम आबाजींनीच घातला होता. दर्यासारंग स्वतः आपल्या उंच चौकीवरून माचीवर उतरून म्हणाले, "तांडेल, आजचा एक दिवस नियम बाजूस राहू द्या. तुमचाच तर आहे."

"माझोच आसा महाराज," आबाजी म्हणाले. "मीच मोडलंय तर मागच्यांनी काय करूचा?" आणि टोपी काढून शिडीस लागले.

बाण उलटे पंक्तीमधून गेले, लोकांनी पाय वर घेतले, आणि या खेपेस कोणी थट्टा केली नाही. आबाजींनी चारही तपासले आणि पुन्हा वर पाठविले. तोवर सूर्य कलला, वारा पडू लागला, विमान थांबविणे शक्य नव्हते, आणि सात मजले चढावयास त्या गुडघ्यांस वेळ नव्हता. धर्माजींनी या खेपेस चारही फिती दाखविल्या, आपले काम हाताखालच्या माणसास सोपवून धावत शिड्या उतरले, आणि आम्ही वाऱ्याची वही तेथेच टाकून त्यांच्या मागे.

कोठाराचे दाराशी धर्माजींनी आबाजींचे पाय धरले. "तांडेलानू, माझ्यामुळां तुमचा इमान गेला!"

आबाजींनी त्यांस दंडास धरून उठविले. "अरे, तू माझ्याकडे बघत होतस म्हणान खीळ रवली. बावीस वर्सां मी हंयसर असतंय, माका कोण बघता? आज तू चार चार वेळा मान वळवून बघलंस." आणि दाराकडे बोट करून म्हणाले, "बरा वाटला माका. आता रडा नको, दार लाव."

दार लागले. इतक्यात वरून थरथर उतरली, भिंती हलल्या, आणि विमान सुटले ते आतल्या सर्वांस कळले.

सारांश, आबाजी दुसरे दिवशी गावी गेले, दुर्ग पुढे मोडीत निघाला, पाळण्यांचे दोर कोणी नेले ठाऊक नाही. विमान कैसे उडाले याचे वर्णन या बखरीत नाही, कारण लिहिणारा खाली होता. इति.