कॅरम बोर्डावरचं ऑपरेशन

आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुणाचा फोन बिघडला, तर तो दुकानात जात नाही. माझ्याकडे येतो!

मी नूपुर. नववी ब, राहणार नायगाव. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरी देताना माझा आवाज माझ्याच बाकापर्यंत पोचायचा. मग एकदा समोरच्यांचा मुका झालेला फोन मी एका बोटाने बोलता केला (सायलेंटवर होता, पण हे कशाला सांगा?) आणि तेव्हापासून अख्खा मजला मला 'डॉक्टर' म्हणतो! या गोष्टीआधी छत्तीस केसेस. छत्तीसही ठणठणीत! माझा स्वतःचा फोन? तो नाहीये. पप्पा म्हणतात, दहावीनंतर. पण मला सांगा, पोहायला शिकवणाऱ्याची स्वतःची विहीर असावी लागते का?

सदतिसावी केस आली ती रविवारी सकाळी. आणि साधी नव्हे, सोडतीच्या दिवशी!

आमची चाळ आता पाडणार आणि आम्हाला नव्या टॉवरमध्ये घरं मिळणार. कुणाला कुठला मजला, याची त्या दिवशी सोडत होती. पप्पांसकट अर्धी चाळ आपापले फोन घेऊन हॉलवर गेली होती. मागे उरलो आम्ही, आणि आमच्यात स्मार्टफोन एकच, आनंदीकाकीचा. कमलकाकीकडे बटणांचा, आणि जिन्यापाशी स्टुलावर बसणाऱ्या मालवणी भिवाकाकांकडे नुसतं कॅरम!

आनंदीकाकी आणि कमलकाकी या समोरासमोरच्या दारांत अडतीस वर्षं राहताहेत. मधे फक्त पॅसेज. एकीला मीठ हवं असेल तर ती उठत नाही, नुसती वाटी सरकवते. ती वाटी भरून परत येते! दोघींना घराच्या आकाराची पडली नव्हती, हवेची नाही, लिफ्टची नाही. त्यांना एकच हवं होतं, एक मजला.

"एका मजल्यावर आलो तर देवाला अकरा नारळ," आनंदीकाकी म्हणाली.

"मी एकवीस बोललेय," कमलकाकी म्हणाली. "तू पहिल्यापासूनच चिकट!"

सव्वाअकराला टिंग झालं. पप्पांनी हॉलवरून यादी पाठवली होती!

"डॉक्टर!" आनंदीकाकी पॅसेजभर ओरडली. "अगं ये लवकर! अक्षरं आहेत की मुंग्या?"

मी बाही सावरत पोचले. यादी ही अशी रुंद! जुना खोली नंबर, नाव, वडिलांचं नाव, नवी इमारत, मजला, फ्लॅट. उभ्या फोनवर ती सगळी दाटीवाटीने बसलेली, जणू एका बाकावर नववी ब आणि क!

"फोन आडवा केला की यादी मोठी होते," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम!"

सगळ्यांना दिसावं म्हणून मी जागा निवडली. पिंपावर भिवाकाकांचं कॅरम मांडलेलं होतं, पावडरबिवडर टाकून तयार. मी सोंगट्या बाजूला सारल्या आणि फोन मधल्या गोलात ठेवला.

"अगो, माझो बोर्ड!" भिवाकाका स्टुलावरून ओरडले.

"काका, हे आता ऑपरेशन थिएटर आहे. आणि सगळ्यांनी ऐका! फोनला कुणी हात लावायचा नाही. उचलायचा तर मुळीच नाही. पेशंटला हलवायचं नाही!"

हा नियम मी स्वतः केला. लक्षात ठेवा.

मी फोन बोर्डावरच आडवा फिरवला. यादी उभीच! मुंग्या फक्त कुशीवर झाल्या.

"सेटिंग बंद असणार," मी म्हटलं. आणि खरंच बंद होतं! ऑटो रोटेट चालू केलं आणि विजयी मुद्रेने फोन गर्रकन फिरवला.

ढिम्म!

"बंद करून चालू करते." केला. ढिम्म!

"कव्हरमुळे अडत असेल." फोन बोर्डावर निजवूनच कव्हर काढलं. त्यातून रेशनकार्डाची झेरॉक्स, ब्लाउजपीसचा नमुना, दोन सेफ्टी पिना आणि कमलकाकीचा हरवलेला लायब्ररीचा पास निघाला.

"आनंदे, हा तुझ्याकडे होता?"

"आत्ता पास महत्त्वाचा आहे का?"

फोन ढिम्म तो ढिम्मच!

"माका बोर्ड कधी गावतलो?" भिवाकाका बोर्ड परत मागत होते.

आता डॉक्टर म्हटलं की प्लॅन बी हवाच. मी दोन बोटांनी यादी मोठी केली. नाव सापडलं! आनंदीकाकीचं, आणि खाली लगेच कमलकाकीचं. मग मजला बघायला यादी डावीकडे सरकवली. सरकवली, सरकवली... आणि खणखणीत आवाजात वाचलं, "आनंदीकाकी, चौथा मजला! कमलकाकी, बाविसावा!"

सरकवताना बोट दोन ओळी वर गेलं होतं, हे मला कुठे माहीत? मी शेजारच्यांची घरं यांना वाटून टाकली होती!

कमलकाकी पिंपाला धरून खाली बसली.

"अठरा मजले," ती म्हणाली. "आनंदे, वाटी कशी गं पोचणार?"

आनंदीकाकीचं नाक लाल झालं. ते बघून कमलकाकीचा बांध फुटला.

"आता आपली ताटातूट होणारच, तर मनात ठेवून जायचं नाही मला. तुझ्या सासूबाईंची लोणच्याची चिनीमातीची बरणी होती ना? ती मांजरीने नाही फोडली. मी फोडली! तू बाजारात गेली होतीस. मला एक लिंबाची फोड हवी होती गं!"

"नऊ वर्षं मी मनीला शिव्या घातल्या!" आनंदीकाकी किंचाळली. "तिचं दूध तोडलं! बिचारी कलंक घेऊन वर गेली!" आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे. माफ केलं तुला. बाविसाव्या मजल्यावरच्या बाईशी काय भांडायचं?"

दोघी गळ्यात पडून रडायला लागल्या. मलाही रडू यायला लागलं. पण मी डॉक्टर! आणि ती यादी मला अजून मोठी, सबंध, एका नजरेत बघायची होती. काहीतरी खटकत होतंच. फोन फिरत नाही? मग बोर्ड फिरवू!

"काकी, तुम्ही तिकडून धरा. मी इकडून. एक, दोन, तीन!"

बोर्ड फिरला. फोनही बोर्डाबरोबर फिरला. आम्हीही यादी सरळ दिसावी म्हणून पिंपाभोवती फिरलो. पूर्ण प्रदक्षिणा झाल्यावर लक्षात आलं की सगळे आपापल्या जागी परत आलो आहोत आणि मुंग्या तेवढ्याच आहेत!

"फिर रे मेल्या!" म्हणत आनंदीकाकीने संतापून बोर्डाला असा हिसका दिला, की पावडरवरून फोन सुटला तो बोर्डाच्या चौकटीवरून उडी मारून थेट जिन्याच्या दिशेने! स्ट्रायकरसुद्धा एवढा सुसाट जात नाही!

"माझा फोन!"

"माझी केस!" हे मी.

पन्नास वर्षं कॅरम खेळलेल्या माणसाचा हात तो! भिवाकाकांनी स्टुलावरून न उठता, दोन बोटांत, कडेला फोन टिपला. डोळ्यांसमोर धरला. आडवा.

आणि यादी टुणकन फिरली!

"अरे वा," भिवाकाका चष्मा वर करत म्हणाले, "चांगला दिसता हां." मग ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं, "आनंदी... चौदावो मजलो, चौदाशे तीन. कमल... चौदावो मजलो, चौदाशे चार."

"काय?" तिघी एकदम ओरडलो.

"पण काका, फोन फिरला कसा?"

"अगो चेडवा, फोन हातात उचलून उभो धरूक व्हयो! सपाट निजवलंस, तर त्याका वर खंय नि खाली खंय, कसा कळतला?"

मी माझा नियम आठवला. पेशंटला हलवायचं नाही! अर्धा तास पेशंट बरा होता. सपाट पाडून ठेवला होता डॉक्टरनेच!

इकडे दोघी नाचत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या बायका अरुंद पॅसेजमध्ये फुगडी घालू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. नारळ बत्तीस झाले. भिवाकाकांना बोर्ड परत मिळाला.

मग आनंदीकाकीची फुगडी हळूहळू थांबली.

"कमळे," ती म्हणाली, "मघाशी बरणीचं काय म्हणालीस?"

"अगं, तू माफ केलंस ना!"

"ते बाविसाव्या मजल्यावरच्या बाईला! चौदाव्यावरचीला नाही. बरणी आण आधी!"

कमलकाकी गर्रकन माझ्याकडे वळली. फोनपेक्षा कितीतरी सहज! "ह्या कार्टीने फोन आधीच उभा धरला असता, तर बरणी मांजरीच्याच नावावर राहिली असती!"

तरीही माझा हिशेब सरळ आहे. फोन आला तेव्हा फिरत नव्हता, गेला तेव्हा फिरत होता. केस सदतीस, ठणठणीत! शिवाय नऊ वर्षांनी मनीची निर्दोष सुटका, ती वेगळी!

फक्त हल्ली नवा पेशंट आला की भिवाकाका स्टुलावरून आधी विचारतात, "उभो धरून बघलंस गो?"

आणि तुम्हाला म्हणून सांगते, परवा एक फोन तेवढ्यानेच बरा झाला!