ओसोयनाची फुकट बस

कोसाराची दाढ दुखायला लागली तेव्हा सरकार फार लांब होतं. लांब म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी, ब्रेझोवा गावात. तिथं एकाच चौकात दवाखाना होता, कोर्ट होतं, नगरपालिका होती आणि दातांची डॉक्टरीणही होती. कोसारा राहायची डोंगरमाथ्यावर, ओसोयना नावाच्या वाडीत, जिथं धुराडी बरीच होती पण धूर मोजक्याच धुराड्यांतून निघायचा.

दाढ एरवी दुखली असती तर कोसारानं लवंग धरून वर्ष काढलं असतं. पण महिन्यावर नातीचं लग्न आलं होतं. लग्नात पिल्लू भाजणार, कुरकुरीत कातडीसकट. सर्बियात जी आजी नातीच्या लग्नात भाजलेलं डुकराचं पिल्लू बाजूला सारून सूप पिते, तिच्याबद्दल नातेवाईक दुसऱ्या दिवसापासून भूतकाळात बोलायला लागतात. कोसाराला वर्तमानकाळात राहायचं होतं.

आणि नेमकं त्याच वेळी सरकार धावून आलं. राजधानीहून एक मंत्री आले, कोसाराच्या फाटकासमोर फीत कापली आणि म्हणाले, "डोंगरातल्या गरीब म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी आजपासून फुकट बस!" थांबा तिच्याच फाटकाशी ठरला, कारण सबंध वाडीत बस वळवता येईल इतकी सपाट जागा तेवढीच होती. कोसाराचे डोळे भरून आले. आपली दाढ दुखते हे राजधानीपर्यंत कळलं कसं, हा अचंबा तिला पुढचे कितीतरी दिवस पुरला.

"दाढ नाही कळली, मतदान कळलंय," शेजारचा रादिसाव म्हणाला. रादिसाव तिच्याच वयाचा, बिनलग्नाचा, आणि चांगल्या गोष्टीला नाव ठेवल्याशिवाय त्याची सकाळची कॉफी उतरत नसे.

"तुझ्या जिभेला काही हाड?" कोसारा म्हणाली. "फुकट बस आहे, मेल्या! फुकट!"

पहिल्या मंगळवारी कोसारा ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून फाटकाशी उभी राहिली. बस आली, दार उघडलं. कोसारानं पाय उचलला, तोच आतून शाळेचे मुख्याध्यापक उतरले. त्यांच्यामागून त्यांची बायको. त्यांच्यामागून एक वकील, मग जमीन-नोंदणीचे साहेब, मग दोन पेन्शनर प्राध्यापक, सगळ्यांच्या हातांत आळंब्या गोळा करायच्या वेताच्या टोपल्या.

"काय हवा आहे हो!" मुख्याध्यापक म्हणाले आणि सरळ कोसाराच्या अंगणात शिरले.

आता इथं कोसाराचा नाइलाज होता. त्या मुलखात फाटकाच्या आत पाऊल टाकलं तो पाहुणा. आणि पाहुण्यासमोर चमचाभर मुरंबा, पेलाभर थंड पाणी आणि वर राकियाचा, म्हणजे फळांच्या घरगुती दारूचा, एक घोट ठेवल्याशिवाय त्याला 'कसं काय' असंसुद्धा विचारायचं नाही. तिची आई असंच करायची, आजी असंच करायची. युद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी याच अंगणात मुरंबा खाल्ला होता. तिनं ठेवणीतला रुमाल सोडला, आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी काढली, तबक मांडलं. पाहुणे घरात असताना यजमानीण घर सोडून जात नाही, हे तर सांगायलाच नको. मुख्याध्यापकांचा चमचा अजून तोंडात होता तेव्हा बस वळली आणि ड्रायव्हर ल्युबिशा खिडकीतून ओरडला, "आजी, येताय ना?"

"पाहुणे आहेत रे!" कोसारा ओरडली.

बस रिकामी खाली गेली. पाहुण्यांना न्यायला ती दुपारी परत यायची.

शुक्रवारी तिनं मनाशी ठरवलं होतं, की कुणी का उतरेना, आपण बसमध्येच चढायचं. पण मुख्याध्यापकांनी सबंध ब्रेझोव्यात मुरंब्याचा डंका पिटला होता. या खेपेला न्यायाधीशांच्या पत्नी उतरल्या आणि त्यांनी दारातूनच हाक दिली, "कोसारामावशी कुठायत? त्यांचा मुरंबा खाल्ल्याशिवाय मी परत जायची नाही!"

मावशी म्हणून हाक मारल्यावर कोसाराच्या पायांनी तिचं ऐकलंच नाही. ते थेट बरणीकडे गेले.

तिसऱ्या खेपेला मात्र तिनं युक्ती केली, दुपारची फेरी धरली. तबक रादिसावच्या हातात दिलं, "तू बघ जरा," म्हणाली आणि बसच्या पायरीवर चढली. पण सकाळचे पाहुणे परतत होते, त्यामुळे बस खाली जातानाही भरलेली होती. एका आसनावर न्यायाधीशीणबाई, शेजारच्या आसनावर त्यांच्या आळंब्यांची टोपली.

"ही जागा धरलीय हं, मावशी," न्यायाधीशीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. "दबल्या की काळ्या पडतात."

"उभी राहते मी."

"उभं राहायला बंदी आहे, आजी," ल्युबिशा खजील होऊन म्हणाला. "म्हाताऱ्यांच्या सुरक्षेसाठी. नियमच आहे तसा."

कोसारा उतरली. गाल आता पावासारखा फुगला होता. पण नियम इतका विचार करून केलेला पाहून तिला सरकारचं कौतुकच वाटलं.

"तक्रार कर," रादिसाव म्हणाला.

"कुणाकडे?"

"ते काय, तुझ्या पडवीत मुरंबा खातायत ना, त्यांच्याकडे. अख्खी नगरपालिका बसलीय."

तिनं खरंच केली. नगराध्यक्षांच्या पेल्यात पाणी ओतता ओतता ती हळूच म्हणाली, "साहेब, बसमध्ये जागा होत नाही हो." नगराध्यक्ष गंभीर झाले. त्यांना स्वतःलाही खिडकी मिळाली नव्हती. आठवड्याच्या आत दुप्पट मोठी बस आली! तिला वळायला जागा पुरेना म्हणून कोसाराचं कुंपण दोन हात मागं सरलं. मोठी बस कच्च्या रस्त्यावर गचके खाते म्हणून डांबर पडलं. दरीकडे तोंड करून बाकं बसली. त्यांवर 'डोंगरी ज्येष्ठांसाठी' असं कोरलं होतं आणि त्यांवर दोन्ही प्राध्यापक रोज चष्मे काढून डुलक्या घ्यायचे. बस दुपारीच न्यायला येते हे प्रवाशांच्या सोयीचं नाही असं कळल्यावर वेळही बदलली: आता रोज सकाळी वर, संध्याकाळी सहाला खाली. दवाखाना तीनला बंद व्हायचा.

कोसारा हे सारं थक्क होऊन पाहत होती. चाळीस वर्षं या वाडीनं एका डांबरी रस्त्यासाठी नवस केले होते. आणि आता, एका माणसानं पाणी पिता पिता मान हलवली, की डोंगर कापला जात होता!

"केवढी ताकद रे सरकारची!" ती रादिसावला म्हणाली. "आणि सगळं कुणासाठी? आपल्यासाठी."

"आपल्या नावानं," रादिसाव म्हणाला. "हे बघ कोसारा. श्रीमंताला बस लागत नाही, त्याच्याकडे गाडी आहे. उन्हाळ्यात तो समुद्रावर पडलेला असतो. गरिबाला बस लागते, पण त्याला जागा नाही. मग सरकार कुणाचं? ज्याला गाडी परवडते पण पेट्रोल जिवावर येतं, त्याचं."

"तू जळतोस त्यांच्यावर."

"मी कशाला जळू? मला त्यांच्यात भरती व्हायचंय. कुठं होतात ते माहीत नाही."

लग्न चार दिवसांवर आलं आणि दाढेनं कोसाराची झोप घेतली. शेवटी रादिसावनं आपला जुना ट्रॅक्टर काढला. कोसारा मागच्या फळीवर, गालाला राकियात बुडवलेलं फडकं लावून, नव्या कोऱ्या डांबरावरून खाली निघाली. वाटेत वर चढणारी मोठी बस भेटली. आतून कुणीतरी हात हलवला, कोसारानंही हलवला.

दवाखान्याच्या दाराशी पहारेकरी उन्हात बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"डॉक्टरीणबाई?" कोसारानं एका गालानं विचारलं.

"दारिंकाबाई ना? त्या नाहीत. वर गेल्यात, ओसोयनाला."

"कशाला?"

"अहो आजी, फुकट बस आहे!" पहारेकरी तिच्या अज्ञानावर हसला. "तिथं म्हणे एक म्हातारी मुरंबा काय सुंदर देते. आज कुणीच नाही इथं. कोर्ट नाही, नगरपालिका नाही. मीच उरलोय. मलाही उद्याचा नंबर मिळालाय."

कोसारानं चौकभर नजर फिरवली. सरकारच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. सरकार तिच्या घरी गेलं होतं.

ट्रॅक्टर परत वर पोचला तेव्हा अंगण गजबजलेलं होतं. यजमानीण नाही म्हणून कुणाचं अडलं नव्हतं. न्यायाधीशीणबाईंनी स्वतःच बरणी शोधून काढली होती. मधोमध डॉक्टर दारिंका बसल्या होत्या. कोसारा थेट त्यांच्यापुढे गेली आणि तिनं तोंड उघडलं.

दारिंकाबाईंनी चमचा न ठेवताच आत डोकावून पाहिलं. "बाप रे! ही तर आजच काढायला हवी. सकाळी का नाही आलात दवाखान्यात?"

"कशानं येऊ?"

"म्हणजे काय, मावशी?" दारिंकाबाईंना खरंच वाईट वाटलं. "तुमच्यासाठी सरकारनं एवढी बस केलीय, तीसुद्धा फुकट, आणि तुम्ही लोक तिचा फायदाच घेत नाही!"

असं म्हणून त्यांनी चमचा तोंडात घातला आणि दात मिटले.

कट्ट असा आवाज अंगणाच्या टोकापर्यंत गेला. या वर्षी मुरंब्याच्या वेळी कोसाराचं डोकं ठणकत होतं, म्हणून आलुबुखारच्या बिया काढायचं काम रादिसावनं केलं होतं. आणि रादिसाव बियासुद्धा तक्रार करत काढायचा, त्यात एखादी राहून जायची. दारिंकाबाईंनी गाल धरला आणि अशी किंकाळी फोडली की बाकांवरचे दोन्ही प्राध्यापक जागे झाले.

"बस काढा!" नगराध्यक्ष ओरडले.

"सहाला सुटते साहेब," ल्युबिशा म्हणाला. "नियम आहे."

"अरे, माणूस दुखण्यानं तळमळतंय आणि तू नियम सांगतोस?"

नियम हलतो हे कोसाराला ठाऊकच नव्हतं. तिनं घाईघाईनं स्वतःच्या गालावरचं राकियाचं फडकं काढून दारिंकाबाईंच्या गालाला लावलं, आणि दारिंकाबाईंनी तिचा हात जो घट्ट धरला तो सोडेचनात. त्या बसमध्ये चढल्या, त्यांच्याबरोबर कोसाराही ओढली गेली. न्यायाधीशीणबाईंनी लगबगीनं आळंब्या मांडीवर घेतल्या. कोसाराला चक्क खिडकी मिळाली!

बस अशी सुटली की झाडं मागं पळायच्या ऐवजी बाजूला होत होती. नगराध्यक्षांनी फोन लावला. पलीकडच्या शहरातून दातांचा दुसरा डॉक्टर सरकारी गाडीनं निघाला. ब्रेझोव्यात बंद झालेल्या दवाखान्याची दारं उघडली, दिवे लागले. दारिंकाबाईंचा दात अर्ध्या तासात ठाकठीक झाला.

डॉक्टरनं हातमोजे उतरवता उतरवता शेजारच्या खुर्चीतल्या कोसाराकडे पाहिलं. डोक्याला साधा रुमाल, पायात रबरी बूट. "आणि या कोण?"

"ती माझ्याबरोबर आहे," दारिंकाबाई बधिर तोंडानं म्हणाल्या.

डॉक्टरनं मुकाट्यानं नवे हातमोजे चढवले.

लग्नात कोसारानं पिल्लाचे दोन्ही कान खाल्ले, कातडी खाल्ली आणि हाडं चोखली. व्याही मंडळी आदरानं बघत राहिली.

त्यानंतर वाडीत पहिली थंडी पडली आणि तिचा उजवा गुडघा धरला. मंगळवारी बस आली तशी ती कठड्याला धरून फाटकापर्यंत गेली.

"ल्युबिशा, लेका, तो हाडांचा डॉक्टर येतो का रे कधी वर?"

"येतो की. या शनिवारी बायकोला घेऊन येतोय. जागा धरून ठेवलीय त्यांनी."

मागं पडवीच्या पायऱ्यांवर रादिसाव ओणवा झाला होता, तोंडात खिळे, हातात हातोडी. वरच्या पायरीची एक फळी सुटली होती, ती तो ठोकायला बसला होता.

"रादिसाव," कोसारा गुडघा चोळत म्हणाली, "ती फळी राहू दे इतक्यात. शनिवारनंतर बघू."