उकंडरावांचा पहिला बार

"येत्या शुक्रवारी माह्या वावरात बार निघन! ज्याचे कान नाजूक असतीन त्यानं कापूस घेऊन या! अन् डुकरं? डुकरं त थेट शेलूबाजारपर्यंत पयतीन!"

कामरगावच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपुढे उभं राहून उकंडरावांनी ही घोषणा केली, तेव्हा टपरीवाल्याचा चहा उतू गेला आणि त्याला पत्ता लागला नाही. घोषणाच तशी होती! उकंडरावांच्या घरी वडिलांची भरमार परत आली होती. वडील गेल्यापासून ती ठाण्यात जमा होती. आता परवाना उकंडरावांच्या नावावर झाला होता आणि वाशीमहून येताना उकंडराव जीपमध्ये ती मांडीवर आडवी घेऊन अशा थाटात बसले होते की बाजूचा माणूस पूर्ण प्रवासात साधा खोकलासुद्धा नाही.

भरमार म्हणजे तोंडाकडून भरायची जुनी बंदूक. काडतुसं वगैरे लाड नाहीत. नळीत वरून दारू ओतायची, तिच्यावर चिंधी कोंबायची, लांब गजाने ठासायचं, मागच्या बाजूला तांब्याची बारकी टोपी बसवायची आणि घोडा चढवून चाप ओढायचा. बस! लांबीला ती उकंडरावांच्या खांद्याला लागे. तिच्याकडे नुसतं बघितलं तरी उकंडरावांचा आवाज आपोआप खाली येई. देवघरात बोलतात तसा.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, पण गावात बोलू नका. उकंडरावांना आवाजाची भीती वाटायची! साधीसुधी नाही. लग्नात फटाक्यांची माळ लागली की उकंडरावांना हटकून मांडवामागे जाऊन भाजीत मीठ पडलं का ते बघावंसं वाटे. दिवाळीत ते काडेपेटी शोधायला घरात जात आणि काडेपेटी काही लवकर सापडत नसे. पण यंदा करता काय? हरभरा घाट्यांवर आला होता आणि नाल्यातली रानडुकरं रोज संध्याकाळी पंगतीला बसल्यासारखी येत होती. जंगल खात्याच्या माणसाने बजावलं होतं, "डुक्कर माराचं नाही. नुसता आवाज करा." आणि घरातून पंचफुलाबाईंनी त्याहून कडक बजावलं होतं.

"यंदा हरभरा घरात नाही आला त वावर बटईनं देऊन टाकीन! मंग बसा तुमी स्टँडवर चहा पेत!"

वावर दुसऱ्याच्या हातात जाणार, या विचाराने उकंडरावांच्या पोटात खड्डा पडला. आणि बार काढायचा या विचाराने त्याच खड्ड्यात आणखी एक खड्डा पडला.

गुरू म्हणून तांड्यावरचे गोविंदसिंग आले. गोविंदसिंगांचा काका म्हणे मोठा शिकारी होता. स्वतः गोविंदसिंगांनी बंदूक कधी चालवली होती का, हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या मिशा बघून विचारायची गरजच वाटत नसे! दुसरी गुरू घरातलीच. लेक वैष्णवी वाशीमला कॉलेजात शिकत होती. तिने मोबाईलवर एक दाढीवाला गोरा माणूस शोधून काढला. तो अशीच बंदूक भरून दाखवत होता.

"बाबा, हा म्हणते का दारू मापानंच टाका. अन् बार नाही उडाला त नळीत वाकून पाहू नका."

"त्या गोऱ्यानं कधी डुक्कर पाह्यलं काय?" गोविंदसिंगांनी मिशीवर हात फिरवला. "दारू अंदाजानं पडते! मूठ भरून टाकाची!"

"काका, नळी फुटन न!"

नळी फुटेल हे ऐकताच उकंडराव गोऱ्याच्या बाजूने झाले. वडिलांचं पितळी माप फळीवरून काढून त्यांनी खिशात ठेवलं.

शुक्रवारी सकाळी पंचफुलाबाईंनी बंदुकीची पूजा मांडली. बरोबरच आहे! घरात ट्रॅक्टर आला, गाडी आली, पूजा होतेच. अडचण एवढीच आली की चाकाखाली ठेवायचं लिंबू कुठे ठेवावं? तुळसाबाई शेजारून आल्या होत्या. त्यांनी लिंबू दस्त्याखाली ठेवलं आणि प्रश्न मिटला. बंदूक भिंतीला टेकवून उभी केली, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, गुळाचा शिरा झाला. गोमतीबाई आल्या, रत्नमाला आली, आळीतल्या सगळ्या बाया ओवाळून गेल्या. उकंडराव तेव्हा ओट्यावर बसून पुरुषमंडळींना डुकरं कोणत्या रस्त्याने पळतील ते समजावत होते.

दुपार कलली आणि धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, ही गर्दी! म्हातारे आले, पोरं आली, टपरीवाला टपरी बंद करून आला. सगळ्यांच्या कानात कापूस! उकंडरावांनी ते दृश्य बघितलं आणि त्यांचे पाय हरभऱ्यात रुजल्यासारखे झाले.

"हं, दारू!" गोविंदसिंग गरजले. मापाने दारू गेली.

"चिंधी!" जुन्या धोतराची चिंधी गेली.

"ठासा!" उकंडरावांनी गज घातला. ठासताना काहीतरी मऊमऊ लागलं. पण पहिलीच वेळ! दारू मऊच लागत असेल, असं त्यांना वाटलं.

टोपी बसली. घोडा चढला. नळी आभाळाकडे झाली. धुरा असा शांत झाला की हरभऱ्यातला टोळ उडालेलाही ऐकू आला. उकंडरावांनी डोळे मिटले. आणि खरं सांगायचं, तर मनातल्या मनात देवाला म्हणाले, 'नाही उडाली तरी चालते बापा!'

टिच्!

बस. एवढंच. टोपी फुटली आणि बंदूक गप्प!

"थांबा, कोणी हालू नका!" वैष्णवी ओरडली. "नळी वरच राहू द्या! उशिरा बी उडते!"

सगळा गाव माना आखडून उभा. उकंडराव घामाने निथळले. काही झालं नाही. दुसरी टोपी बसवली. टिच्! तिसरी बसवली. टिच्! आता धुऱ्यावरून कोणीतरी कानातला कापूस काढून विचारलं, "उकंडराव, झाला काय बार? आमाले त कापसानं आयकूच नाही आला!"

हसण्याचा असा लोंढा आला की तोच आवाज ऐकून डुकरं पळाली असती.

"दारू कमी पडली!" गोविंदसिंग म्हणाले. "अजून टाका वरून!"

"बिलकुल नाही!" वैष्णवीने मोबाईल पुढे धरला. "पहिले पाणी टाकून दारू मारा लागते. मंग गजाच्या टोकाले पेच लावून चिंधी ओढून घ्या."

नळीत पाणी ओतलं, दारूचा जीव गेला, तसा उकंडरावांनी पेच फिरवून गज ओढला. चिंधी आली. चिंधीला काळा लगदा आला. लगद्यात तूप चमकत होतं. वैष्णवीने तो नाकाजवळ नेला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"बाबा! वेलची!"

"कायची वेलची?"

"शिऱ्यातली!"

सगळ्या माना पंचफुलाबाईंकडे वळल्या. पंचफुलाबाईंनी पदर खोचला.

"पाहून काय राह्यले? घरात आलेल्या लक्ष्मीले उपाशी ठेवाचं होतं काय? निवद दाखवला! तिचं तोंड वर होतं, म्हणून वरून देल्ला!"

"किती देल्ला?"

"म्या घासभरच देल्ला. पण तुळसाबाईनं देल्ला, गोमतीबाईनं देल्ला, रत्नमालानं देल्ला. आता सवाष्णीचा हात आपल्यानं धरता येते काय?"

म्हणजे आळीतल्या प्रत्येक बाईने बंदुकीला घास भरवला होता! आणि उकंडरावांनी त्या शिऱ्यावर दारू ओतून वरून ठासून ठासून बसवला होता!

गाव हसत हसत घरी निघाला. टपरीवाला जाताना म्हणाला, "उकंडराव, उरला असन त टपरीवर पाठवा. चहासंगं चालते!"

आता खरं तर उकंडरावांनी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. देवाने ऐकलं होतं! बार निघाला नव्हता, अब्रू गेली होती, पण कान शाबूत होते. तरीही ते बंदूक मांडीवर घेऊन धुऱ्यावर बसले आणि त्यांना भलतंच वाईट वाटायला लागलं. एवढी मोठी गोष्ट हातात आली आणि गावापुढे ती शिऱ्याचं पातेलं ठरली! शिवाय सूर्य खाली चालला होता. डुकरं काही शिरा संपायची वाट बघणार नव्हती.

"पंचफुला, पाणी तापव," ते म्हणाले.

"आता आंघोय करता काय?"

"बंदुकीले घालतो!"

वैष्णवीचा गोराही तेच सांगत होता. दारूची काजळी गरम पाण्यानेच निघते. आणि गुळाचा पाक भांड्याला चिकटला की तो कशाने निघतो, हे पंचफुलाबाईंना कोणा गोऱ्याने सांगायची गरज नव्हती! वावरातल्या खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, चुलीवर आधण आलं. एकीने ओतलं, दुसऱ्याने गज फिरवला. काळं पाणी आलं, मग तपकिरी आलं, मग एक अख्खा मनुका आला, आणि शेवटी नितळ पाणी आलं. मग चिंध्यांवर चिंध्या घालून नळी पुसली. चिंधी कोरडी येईपर्यंत पुसली. मग एक टोपी रिकामीच फोडून बघितली. नळीच्या तोंडाशी धरलेलं गवताचं पातं हललं! रस्ता मोकळा झाला होता. चौघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जसं काही नुकतं जन्मलेलं बाळ रडलं.

"आता माहं आयका," गोविंदसिंग कुजबुजले. दुपारी गेलेली इज्जत त्यांना परत मिळवायची होती. "इथं बसून फायदा नाही. नाल्याच्या तोंडाशी बसू. डुकरं वावरात घुसले का मांगून बार! सापडलेच पाह्यजेत!"

डावपेच झकास वाटला. चौघं नाल्याच्या तोंडाशी बोरीच्या झुडपामागे बसली. दिवेलागण होत आली. गारवा पडला. आणि मग नाल्यातून कळप निघाला! पुढे एक पहिलवानासारखं दांडगं डुक्कर, मागे माद्या, त्यांच्या मागे पिल्लांची रांग. समोरून गेली आणि शिरली हरभऱ्यात. घाटे फोडल्याचा कचकच आवाज यायला लागला.

उकंडरावांनी दारू ओतली. चिंधी घातली. ठासलं. यावेळी खाली टणक लागलं. टोपी बसवली. घोडा चढवला, पण डोळे मात्र त्यांनी मिटले नाहीत. का कोण जाणे! नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला.

आता तो आवाज सांगायचा कसा? धडाम् म्हणावं, तर तो शब्द लहान पडतो! जमीन पायाखाली हलली. नळीतून हातभर जाळ निघाला आणि संध्याकाळच्या त्या अंधुक उजेडात बोरीचं पान न् पान लालभडक दिसलं. मग पांढऱ्याशुभ्र धुराचा एक ढग उकंडरावांच्या डोक्यावर उभा राहिला. आवाज टेकडीवर गेला, टेकडीने तो परत पाठवला, नाल्याने उचलला आणि कुठल्या कुठे नेऊन सोडला. तुरीतले तितर उडाले. गावातली सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली.

उकंडराव उभे होते. मेले नव्हते! पळाले नव्हते! छातीत आवाज अजून घुमत होता आणि तो त्यांना आवडत होता. मापभर काळ्या भुकटीत एवढं सगळं कसं मावतं? ढगासारखा ढग, विजेसारखी वीज, आणि तेही आपल्या हातातून! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुराचं होतं, पण बरंचसं खरं होतं. पंचफुलाबाईंनी नकळत हात जोडले. वैष्णवी मोबाईल सुरू करायचं विसरली. गोविंदसिंगांच्या मिशा खाली आल्या होत्या आणि तोंड उघडं राहिलं होतं.

मग धूर विरला.

डुकरं पळत होती. यात शंका नाही! पण नाल्याच्या तोंडाशी ही चौघं आणि बंदूक. मग डुकरं पळणार कुठे? अख्खा कळप हरभऱ्यातून पार त्या टोकाला गेला. तिकडे तारेचं कुंपण लागलं, म्हणून तिथून वळून आडवा आला. पिल्लं मागे राहिली, म्हणून माद्या त्यांना शोधायला पुन्हा उलट्या पळाल्या. दांडग्या डुकराला घराची वाट सुचेना, म्हणून ते मधल्यामध्ये गोल फिरलं. रोज येऊन चार ओळी खाणाऱ्या त्या प्राण्यांनी यावेळी धड चार घाटेही खाल्ले नाहीत. नुसतं वावर झोपवलं! शेवटी गोविंदसिंग बाजूला पळाले, तशी वाट मोकळी झाली आणि कळप नाल्यात उतरून गेला.

आवाज ऐकून गाव पुन्हा धावत आला. बॅटऱ्या लागल्या. लोळलेला हरभरा बघून सगळ्यांनी कपाळाला हात लावला. टपरीवाला म्हणाला, "उकंडराव, हरभरा सोंगाले-कापाले मजूर भेटत नाही आजकाल. पण तुमचं काम एका बारात झालं!"

पंचफुलाबाई उकंडरावांच्या पुढ्यात आल्या आणि सुरू झाल्या. डुकरं काढली, गोविंदसिंगांचा काका काढला, बटई काढली, स्वतःला माहेरी सांगून आलेली दोन चांगली स्थळंही काढली! दोन्ही हात हवेत, पदर सुटलेला, बोलायला दम पुरेना.

उकंडराव मात्र ऐकत नव्हते. ऐकूच येत नव्हतं! कानात नुसतं गोड गोड गुंईऽऽ चाललं होतं. त्यांना दिसत होता तो बॅटऱ्यांचा उजेड, धावत आलेला अख्खा गाव आणि बायकोचे उंच उचललेले हात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पंचफुला आपल्यावर एवढी खूश झालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती!

त्यांनी गावाला नम्रपणे हात जोडले, खिशातलं माप काढलं आणि बायकोच्या तोंडाजवळ कान नेऊन मोठ्याने विचारलं, "काय म्हणतं? अजून एक काढू?"