हवा हलवू नका

सोनवणे काका आमच्याकडे आले की चप्पल काढायच्या आधी पंखा बंद करतात. मे महिना असो, ऑक्टोबर असो, मी पोळ्या लाटून नुकती पंख्याखाली टेकलेली असो, त्यांचा उजवा हात आपोआप बटणाकडे जातो. पंखा गरगरत थांबला की ते समाधानाने सोफ्यावर बसतात. "काका, उकडतंय हो," म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "उकडू दे. हवा हलवू नका."

हा माणूस माझ्या समोरच्या दारात राहतो. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला जवळजवळ लागूनच आमची बिल्डिंग आहे. बाहेरच्यांना वाटतं, काय मजा आहे, झाडं, गारवा. कसला गारवा आणि कसलं काय. पार्कातून आम्हाला फक्त माकडं मिळतात.

एका वर्षी काका सोसायटीच्या वार्षिक सभेला आले ते थेट स्विचबोर्डाशी गेले. हॉलमधले सगळे पंखे बंद. त्या दिवशी लोंबकळत पडलेला पार्किंगचा विषय चहा यायच्या आत मिटला, कारण भांडायची कोणात ताकदच उरली नव्हती. तेव्हापासून सेक्रेटरी सभेचं आमंत्रण द्यायला काकांकडे स्वतः येतो.

आता पंख्याशी एवढं वैर कशापायी? तर साबणाच्या फुग्यांपायी.

काका विमा ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा तिथल्या मंडळींनी त्यांना कॅमेरा दिला. आमच्या भागात कॅमेरा हातात आला की माणूस पार्कात पक्ष्यांमागे धावतो. काकाही एकदा पहाटे गेले आणि चिडून परत आले. "पक्षी एका जागी बसतच नाहीत. शिस्त म्हणून नाही." मग एक दिवस पुष्पाकाकूंनी त्यांना भांडी घासायला उभं केलं आणि पातेल्यातल्या फेसात त्यांना रंग दिसले. पातेलं राहिलं बाजूला. संध्याकाळी काकूंनी ते खरकटं पातेलं त्यांच्यासमोर आपटलं, तर काकांनी तेही वाकून निरखलं म्हणे.

तेव्हापासून त्यांचं जेवणाचं टेबल जेवायला मोकळं नसतं. टेबलावर एक ताटली, तिच्यामागे जुन्या छत्रीचं काळं कापड, वर थर्माकोलचा पांढरा तुकडा आणि त्यावर दिव्याचा झोत. ताटलीत साबणाचं पाणी, ग्लिसरीन आणि चिमूटभर साखर. स्ट्रॉने हळूच फुंकून ताटलीवर अर्धा फुगा उभा करायचा, आणि लेन्स त्याला जवळजवळ टेकवून फोटो काढायचा. त्या फोटोत फुगा दिसतच नाही. नुसते रंग दिसतात, गुलाबी, हिरवे, मोरपंखी, एकमेकांत वळसे घेत वाहणारे. फुग्याचा पापुद्रा पातळ होत गेला की वरून सोनेरी होतो, मग चांदीसारखा, आणि शेवटी काळा. काळं पसरायला लागलं की फुगा फुटणार. काकांना फोटो हवा असतो तो नेमका त्या मधल्या क्षणाचा. तेवढ्यात कोणी दार उघडलं, कोणी शिंकलं, कोणी पंखा लावला की वाट लागली. मग काका म्हणतात, "हललं." जरा थांबून म्हणतात, "परत."

हे "हललं, परत" माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. एकदा एक माकड त्यांच्या खिडकीतून ग्लिसरीनची बाटली घेऊन पळालं. काका बनियनवर खाली गेले आणि झाडाखाली उभे राहून त्याची समजूत घालत राहिले, "अरे बाळा, गोड लागेल, पण पोट बिघडेल तुझं." माकडाने बाटली टाकली ती सेक्रेटरीच्या गाडीवर.

फोटो सोसायटीच्या ग्रुपवर यायचे, खाली लिहिलेलं असायचं, ओळखा पाहू. सेक्रेटरीने लिहिलं, गुरू ग्रह. नंदूने, म्हणजे माझ्या नवऱ्याने लिहिलं, रस्त्यावर सांडलेलं पेट्रोल. दुसऱ्या मजल्यावरच्या शहाबेनना ती साडी वाटली आणि त्यांनी दुकानाचा पत्ता विचारला. काकांनी तिघांनाही सारखंच उत्तर दिलं, "चूक."

फोटो काढून झाला की काका लॅपटॉपवर त्याचं एडिटिंग करायचे, पण तेही हात राखून. त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. त्याने रंग भडक करणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं, ते काकांनी काढून टाकलं. "भाजी हिरवी दिसावी म्हणून सोडा घालतात ना, तसलं ते." कडा जराशा कापायच्या, धुळीचा ठिपका पुसायचा, काळा आणखी थोडा काळा करायचा, बस्स. "रंग आपण घालायचा नसतो, अलका. असलेला दिसू द्यायचा," हे मी इतक्यांदा ऐकलंय की आमटीत हळद टाकतानाही माझा हात अडखळतो.

असं सगळं झकास चाललं होतं. आणि गेल्या वर्षी पुष्पाकाकूंना न्यूमोनिया झाला.

काकू म्हणजे म्युनिसिपालिटीच्या शाळेत दुसरीच्या वर्गावर उभा जन्म काढलेली बाई. चौथ्या मजल्यावरून हाक मारली की गेटबाहेरचा भाजीवाला थांबायचा. बुद्धपौर्णिमेला त्यांची खीर घरोघर जायची आणि भांडं परत द्यायला उशीर झाला तर ओरडाही घरोघर जायचा. त्या हॉस्पिटलातून घरी आल्या तेव्हा "अलका, ये, बस" एवढं म्हणताना दोनदा थांबल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज श्वासाचा व्यायाम झाला नाही तर हा दम कायमचा मागे लागेल. त्यासाठी तीन रंगीत चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. काकूंनी ते एकदाच पाहिलं आणि शोकेसवर टाकून दिलं.

"जन्मभर पोरांना खेळवलं," त्या म्हणाल्या. "आता मला खेळवता?"

काकांनी विनवलं, मुलाने फोनवर समजावलं, मी तर चांगली भांडले. काकू ढिम्म.

आणि अशा वेळी या गृहस्थाला काय सुचावं? त्याने बायकोला फुगे फुंकायला बसवलं. तोवर काका स्वतःच फुंकायचे. आता म्हणे हात थरथरतात, कॅमेरा सांभाळू की फुंकू? काकूही "नसता ताप बाई" म्हणत रोज चार वाजता टेबलाशी येऊन बसायला लागल्या.

मी एकदा अळूवड्या घेऊन गेले तर पंखा बंद, काकू घामाघूम, हातात स्ट्रॉ. ताटलीवर लिंबाएवढा फुगा कसाबसा उभा राहिला.

"हललं. परत," काका म्हणाले.

काकू धापा टाकत होत्या.

"आधी छातीभर श्वास घे. मग सावकाश सोड, भसकन नको." पुन्हा लिंबाएवढा फुगा. "हललं. परत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, काही वाटतं का तुम्हाला? त्यांना बोलायला श्वास पुरत नाही, आणि तुम्ही फोटोसाठी राबवताय? द्या इकडे, मी फुंकते."

"तुझी फुंक नको," काका कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले. "तू चूल पेटवल्यासारखी फुंकतेस."

"मग नंदूच्या माशांच्या टाकीचा पंप आणते. एकसारखी हवा सोडतो आणि दमत नाही."

एरवी असल्या जुगाडावर हा माणूस उडी मारेल. पण त्यांनी मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ताटलीच उलटी केली होती. "पंप नको. मला हिचीच फुंक पाहिजे."

घरी येऊन मी नंदूला ऐकवलं. "छंद म्हणे छंद. त्या बाईचा जीव जाईल आणि हा म्हणेल, हललं, परत." नंदू माशांना खाणं घालत राहिला. त्याच्याशी बोलणं आणि माशांशी बोलणं सारखंच आहे.

पुढे दोनेक महिन्यांनी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लागला आणि लॅपटॉप बंद झाला. मुलाला एक फोटो पाठवायचा होता म्हणून त्यांनी मला बोलावलं. "शेवटचा तेवढा पाठव," म्हणाले. आता दुसऱ्याचा लॅपटॉप हातात आल्यावर शेवटचा तेवढा बघणाऱ्यांतली मी नाही. मी मागे मागे जात राहिले. लिंबाएवढ्या फुग्याचे फोटो होते, मोसंबीएवढ्याचे होते. सगळे लख्ख. रंगाची रेघ न् रेघ मोजून घ्यावी.

"काका," मी म्हटलं, "यातला एकही हललेला नाही."

काका उठले, चाचपडत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंखा लावला. पाचवर. या माणसाने आपल्या हाताने पंखा लावलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"हळू बोल," ते म्हणाले. "ती आत झोपलीय, तिला ऐकू जाईल."

"म्हणजे तुम्ही रोज मुद्दाम त्यांना..."

"नुसतं व्यायाम कर म्हटलं असतं तर केलं असतं तिने? तू ओळखतेस ना तिला. माझं काम अडलंय म्हटलं की मात्र उठते. लग्न झाल्यापासून तशीच उठत आलीय." ते सोफ्यावर बसले. "पंप चालला असता गं मला. पण पंपाने तिची छाती थोडीच उघडणार? ती झोपली की मी तिचा श्वास ऐकत बसतो. फार भीती वाटते मला, अलका. तिला सांगू नकोस. कळलं तर स्ट्रॉ फेकून देईल."

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. हे राहिलं. नंदूलासुद्धा सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात काका डोळे दाखवायला गेले असताना मी कोथिंबीर मागायला त्यांच्याकडे शिरले. दार लोटलेलंच होतं. स्वयंपाकघरातून खुळखुळ आवाज येत होता. बघते तर काकू स्टुलावर बसलेल्या, नळी तोंडात, आणि यंत्रातले तिन्ही चेंडू वर टेकलेले. मला बघताच चेंडू खाली पडले. कॉपी करताना सापडलेल्या पोराचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदाच शिक्षिकेच्या तोंडावर पाहिला.

"यांना सांगायचं नाही," काकू म्हणाल्या.

"तुम्ही तर टाकून दिलं होतं हे."

"टाकलं होतं, मग काढलं. हे बाहेर गेले की करते. यांना वाटतं मला काही कळत नाही, पण शोकेसच्या काचेत मला कॅमेऱ्याचा पडदा दिसतो, त्यात एकही फोटो हललेला नसतो. अगं, माझी दुसरीतली पोरं यापेक्षा बरं खोटं बोलायची."

एवढं सगळं त्या एका दमात बोलल्या. माझे डोळे भरून आले ते मी ओट्यावरची कोथिंबीर निवडायच्या निमित्ताने खाली घातले.

"मग सांगून टाका ना त्यांना, की तुम्ही बऱ्या झालात," मी म्हटलं.

आता काकू थांबल्या, पण दम लागला म्हणून नाही.

"आणि मग चार वाजता हे काय करतील? रिटायर झाल्यापासून एकटेच त्या टेबलाशी असायचे, आणि मी इथे टीव्हीसमोर. दोन माणसांचं घर, दोन टोकांना. आता कसे साडेतीनपासून ताटली पुसत माझी वाट बघतात. बरी झाले म्हटलं तर म्हणतील, जा, आता तू आराम कर." त्यांनी यंत्र डब्यांमागे सरकवलं. "राहू दे गं, थोडे दिवस हललेलं."

डोळा बरा झाल्यावर काकांनी पुन्हा टेबल मांडलं. त्या दिवशी चार वाजता मीही जाऊन बसले. पंखा बंद होता आणि घाम मानेवरून वाहत होता. काकूंनी छातीभर श्वास घेतला आणि सोडायला लागल्या. फुगा लिंबाएवढा झाला, मोसंबीएवढा झाला, आणि वाढतच राहिला. ताटलीच्या काठाला टेकला तेव्हा कुठे त्यांनी स्ट्रॉ अलगद काढली. त्यावरून सगळे रंग वाहत होते. वरून सोनेरी आलं, मग चांदी, आणि टोकाला काळं पसरायला लागलं.

काकांचं बोट बटणावर होतं. नजर मात्र कॅमेऱ्यात नव्हतीच. ते कॅमेऱ्याच्या वरून काकूंकडे बघत होते.

फुगा फुटला.

"काढलात?" काकूंनी विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. ऑपरेशन झालेला डोळा पुसू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोही पुसला. "हललं," ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि स्ट्रॉ पुन्हा पाण्यात बुडवली.

"परत," त्याच म्हणाल्या.