दामूअण्णांची उलटी छत्री

बागेत वसंत फुललाय म्हटल्यावर तुम्ही लगेच जोडपं शोधायला लागलात ना? बसा शोधत. आमच्या पनवेलच्या तळ्याकाठच्या बागेत चैत्रात यायचे ते दामूअण्णा. एकटे. छत्री उघडून, आणि तीही उलटी!

पांढऱ्या चाफ्याखाली टोपी मागे सरकवून वर बघत उभे.

"काय अण्णा, यंदा पाऊस जमिनीतून का?" मी विचारायचो.

"गप रे माकडा! पाटी वाच. फुलं तोडायची नाहीत. जमिनीवर पडलेलं देवाला चालत नाही. म्हणून मधल्या मध्ये झेलायचं!"

फूल सुटलं की ओरडायचे, "आलं, आलं! डावीकडे!" आणि स्वतःच डावीकडे पळायचे. एकटा माणूस हे सांगतो कोणाला? मॅट्रिकची परीक्षा देऊन मी मोकळाच होतो. मी करायचो ती अण्णांची नक्कल बाजारात इतकी चालली की भाजीवाल्या मावश्याही मला बघून "आलं, आलं!" करायच्या.

एकदा दिवेलागण झाली तरी छत्री रिकामी. माळी म्हणाला, "अण्णा, फाटक लावतंय मी. झाड काय पलून जात नाय."

"थांब रे बाबा. एक तरी पडू दे." आवाज पार रडवेला.

मला राहवेना. मागच्या बाजूने झाडावर चढलो, एक फूल खुडलं आणि सोडलं.

"आलं, आलं!" अण्णांनी झेललं आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

एका फुलाचं एवढं काय? मी मागोमाग जाऊन खिडकीतून डोकावलो. अण्णा देव्हाऱ्यावरून सरळ पुढे गेले. फूल दिलं खाटेवर पडून असलेल्या काकूंच्या हातात.

"कुठून आलं हो?"

"डावीकडून. तू असतीस तर पदरात अलगद घेतलं असतंस. मी एकटा कुठे कुठे धावू?"

काकूंनी बोटं चोळून बघितली. "अहो, चीक लागतोय. हे झेललेलं नाही, तोडलेलं आहे."

अण्णांनी सावकाश खिडकीकडे पाहिलं.

"बाहेर थांब, माकडा!" आले, आणि माझा कान धरला. "पाटी दिसत नाही? हिच्याशी खोटं बोलायला लावलंस मला! उद्यापासून छत्री तू धरायचीस. मी नुसतं 'आलं' म्हणणार. आणि एक जरी फूल खाली पाडलंस ना, तर याद राख!"